जुन्या ४५४ बिग ब्लॉक पिकअपचं अ‍ॅव्हरेज वाढवता येतं का?

शेळ्या_आणि_मेंढ्या
नमस्कार मंडळी. ऑस्टिनच्या बाहेर आमची थोडी जमीन आहे, शेळ्या आहेत आणि त्यांच्या दिमतीला १९८९ ची शेवी पिकअप आहे. एक टनी, फोर बाय फोर. इंजिन ४५४ क्युबिक इंच, म्हणजे ७.४ लिटर (अशा थोराड इंजिनांना इकडे बिग ब्लॉक म्हणतात), थ्रॉटल बॉडी इंजेक्शनचं. गिअरबॉक्स टीएच४०० (तीनच गिअर; ओव्हरड्राइव्ह, म्हणजे हायवेवर इंजिन हळू फिरवणारा वरचा गिअर, नाही), मागे ४.१० चं डिफरन्शियल (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ४.१० फेऱ्या). गवताचे गठ्ठे असोत की ट्रेलर, हूं की चूं न करता ओढते. पण पेट्रोल काय पिते! टाकी फुल ते फुल हिशोब धरला तर गॅलनला ९ मैल. हौदा रिकामा असो की भरलेला, आकडा फारसा हलत नाही. वर्षाला साधारण ५,००० मैल होतात.

विकायची नाही, हे आधीच सांगतो. खिशाला फार चाट न बसता ९ चे ११-१२ होतील का? ओव्हरड्राइव्ह बसवावा, हेडर (एक्झॉस्टचे मोकळे पाइप) लावावेत, की आणखी काही? ज्यांनी हात काळे केले आहेत त्यांचे अनुभव हवेत.

पेठेतला_पाहुणा
गॅलनला ९ म्हणजे लिटरला पावणेचार किलोमीटर झाले. आमच्याकडे एसटीसुद्धा पन्नास माणसं बसवून याहून जास्त देत असेल.
विकायची नाही हे वाचलं. तरी विकून टाका.

शेळ्या_आणि_मेंढ्या
:-) अपेक्षित होतंच.

ओहायोचे_आजोबा
सर्वात स्वस्त उपाय तुमच्या उजव्या पायाखाली आहे. आम्ही इथे शिकायला आलो त्यानंतर लगेचच ७३ चं तेलसंकट आलं. गाडीच्या नंबराप्रमाणे सम-विषम तारखांना पेट्रोल आणि पंपावर ही रांग. १९७४ च्या जानेवारीत निक्सननी सही केली आणि देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. ती केंद्रातून पूर्णपणे उठली थेट १९९५ मध्ये. लोकांनी ५५ ला मनसोक्त शिव्या दिल्या, पण पिकअपवाल्यांना त्यात खरोखर फायदा होता. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ६५ वरून ५५ वर आलात तर तो २८ टक्क्यांनी उतरतो, आणि तुमच्या गाडीचं तोंड तर सपाट भिंत आहे.

मोकळा_सायलेन्सर
आजोबा, टेक्सासच्या हायवेवर ५५ ने गेलं तर मागचे लोक हॉर्न वाजवत नाहीत, सरळ बंपरला चिकटतात.

ओहायोचे_आजोबा
चिकटू देत. उजवी लेन कशासाठी आहे?

कोलोरॅडो_बुवा
मी १९७८ ची कार्ब्युरेटरवाली ४५४ बाळगून आहे, म्हणून जरा लिहितो. जुन्या बिग ब्लॉकला लोक उगीच बदनाम करतात. ते इंजिन घडलंय ओझं ओढायला. कॉम्प्रेशन कमी (सत्तरच्या दशकात शिसं नसलेलं पेट्रोल आल्यावर सगळ्यांनीच कमी केलं), डिफरन्शियल आखूड, ओव्हरड्राइव्हचा पत्ता नाही. साडेआठ हजार पौंडांच्या वरच्या वजनगटातल्या पिकअपना तर ईपीएचा (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा) मायलेजचा आकडा चिकटवायचीच सक्ती नव्हती. कारखान्याने ज्याचा विचारच केला नाही ते आपण मागतोय.

तरी क्वाड्राजेट कार्ब्युरेटर असणाऱ्यांनी तो फेकून मोठा कार्ब्युरेटर लावू नये. त्याची पुढची दोन भोकं लहान आणि मागची दोन प्रचंड असतात. हलक्या पायाने चालवलं तर फक्त लहान भोकांवर काम चालतं. चोक पूर्ण उघडतोय का ते पाहा. आणि डिस्ट्रिब्यूटरच्या व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची नळी जोडलेली आहे ना ते आधी पाहा. रेसिंगच्या नादात कोणीतरी ती काढून बूच मारलेलं असतं. थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) थोडाच उघडा असताना आतलं मिश्रण सावकाश जळतं, त्याला ठिणगी लवकर द्यावी लागते. ती नळी तुटली की हायवेचं अ‍ॅव्हरेज गेलंच.

७३ ते ७९ मधल्या फुलटाइम फोर बाय फोर (एनपी२०३) असतील तर पुढची चाकं कायम फिरवत ठेवणं हाही खर्चच. पार्टटाइमचा किट मिळतो. धागाकर्त्याच्या ८९ ला हे लागू नाही.

हेडलाइट_बंद
साहेब, एक स्वस्तातला उपाय. पेट्रोलच्या नळीवर लोहचुंबक लावायचे. माझ्या साडूने लावलेत, ३० टक्के फरक म्हणतो. दुसरा म्हणजे पाण्यापासून हायड्रोजन काढणारी बाटली.

कॅलिब्रेशनवाली
साडूंना साष्टांग नमस्कार. ईपीएने अशी शंभराहून जास्त यंत्रं तपासली आहेत, मायलेज लक्षणीय वाढवणारं त्यांना एकही सापडलं नाही. बाटलीतला हायड्रोजन बनवायला वीज लागते, वीज अल्टरनेटर देतो, अल्टरनेटर इंजिन फिरवतं आणि इंजिन पेट्रोलवर चालतं. मध्ये प्रत्येक टप्प्यावर गळती.

आता मूळ प्रश्न. (मिशिगनमध्ये इंजिन कंट्रोलचं कॅलिब्रेशन हेच माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे थोडं लांबेल.)

रिकामी आणि भरलेली दोन्ही वेळा ९ देते, यात नवल नाही. सपाट रस्त्यावर ६० च्या वेगाला या गाडीला ढोबळमानाने चाळीसेक हॉर्सपॉवर पुरते. इंजिन त्याच्या कितीतरी पट द्यायला बसलंय, म्हणून थ्रॉटल जेमतेम उघडा असतो. आठ मोठाले पिस्टन त्या फटीतून हवा ओढतात, म्हणजे तोंडावर जाड फडकं बांधून जिना चढण्यासारखं. त्यात ते मिनिटाला पावणेतीन हजार फेऱ्या मारतायत, त्याचं घर्षण वेगळं. ही दोन देणी हौदा रिकामा असला तरी चुकत नाहीत. वजन वाढलं की वरची थोडीच भर पडते. ओव्हरड्राइव्हचा फायदा होतो तो याचमुळे: फेऱ्या कमी, थ्रॉटल जास्त उघडा.

पण त्यावर पैसे घालण्याआधी इंजिन मूळ कारखान्यातल्या अवस्थेत आहे का ते बघा. ८९ ची थ्रॉटल बॉडी म्हणजे काम सोपं. डॅशबोर्डखाली बारा खाचांचा कनेक्टर आहे. किल्ली ऑन करा, इंजिन सुरू करू नका, ए आणि बी या दोन खाचा पेपरक्लिपने जोडा आणि चेक इंजिनच्या दिव्याची उघडझाप मोजा. एक झबका, थोडा थांबा, मग दोन झबके म्हणजे १२. तो तीनदा येणारच, ती यंत्रणा जिवंत असल्याची खूण. त्यानंतर काय येतं ते इथे लिहा. एखादा प्लग काढून त्याचा रंगही सांगा.

मोकळा_सायलेन्सर
पेपरक्लिपने कॉम्प्युटरशी बोलायचं! आमच्या नव्या गाडीला साधा टायर बदलला तरी मेसेज येतात.

ऑइलची_पिशवी
मी फाळका पाडून चालवतो, हवा सरळ निघून जाते. फुकटचा उपाय.

कॅलिब्रेशनवाली
उलट आहे. फाळका वर असला की हौद्यात हवेचा भोवरा अडकून बसतो आणि वरची हवा त्याच्यावरून घसरत जाते. फाळका पाडला की तो भोवराच मोडतो. फायदा तर नाहीच, बहुतेक वेळा थोडा तोटा. हौद्यावर ताणलेलं कव्हर किंचित मदत करतं, पण कव्हरची किंमत त्यातून वसूल व्हायची नाही.

ऑइलची_पिशवी
म्हणजे इतकी वर्षं गठ्ठे सांडले ते फुकटच.

सोलापुरी_चादर
अवांतर: आमच्याकडे वडिलांची जुनी विलीज होती, हरिकेन पेट्रोल इंजिनाची. पेट्रोल महागलं तसं गावोगावी मिस्त्री अशा जीपांचं पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल बसवू लागले. आमचीही तशीच झाली. आवाज ट्रॅक्टरचा, पण अ‍ॅव्हरेज बघून वडील खूश. तुम्हीपण डिझेल टाका की राव. कमिन्सचं ५.९ लिटरचं जुनं बारा व्हॉल्व्हचं इंजिन तिकडे लोक कशातही टाकतात असं ऐकतो.

कोलोरॅडो_बुवा
टाकतात, आणि इंजिन, माउंट, रेडिएटर, गिअरबॉक्स असा हिशोब करता करता गाडीच्या किमतीच्या वर जातात. शिवाय त्या इंजिनाचं वजन पुढच्या आसावर येतं. हौस असेल तर करावं, बचत म्हणून नाही.

चिंचपोकळीकर
मग ३५० (५.७ लि.) टाकलं तर? लहान इंजिन, कमी पेट्रोल.

कोलोरॅडो_बुवा
गाडीचं वजन तेच, तोंड तेवढंच, डिफरन्शियल ४.१०. अशा गाडीत ३५० मुळे एखाद-दुसरा मैल वाढेल, आणि ट्रेलर लावला की तोही जाईल, कारण लहान इंजिनाला चढावर पाय खाली दाबून धरावा लागतो. ओढायचं काम नसेल तर गोष्ट वेगळी.

गणिताचा_तास
दोन मुद्दे.

पहिला, ९ हा आकडा खरा आहे का? टायरची साइज सांगा, आणि दारावरच्या स्टिकरवर काय लिहिलंय तेही.

दुसरा, इथे सगळे "मैल प्रति गॅलन" मध्ये बोलतायत, त्यात डोळे फसतात. वर्षाला ५,००० मैल. ९ ला ५५६ गॅलन लागतात, ११ ला ४५५. शंभर गॅलन वाचले. आता घरातली दुसरी गाडी ३० देते, ती विकून ४० देणारी आणली, तीही ५,००० मैल चालते असं धरा: १६७ चे १२५, म्हणजे ४२ गॅलन. पिकअपमधले दोन मैल हे कारमधल्या दहा मैलांच्या दुपटीहून जास्त भरतात. म्हणून "९ चे ११ करून काय मोठं" म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

पण हेच गणित उलट्या बाजूनेही बघा. गॅलन तीन डॉलर धरलं तर शंभर गॅलनचे तीनशे डॉलर. बाहेरून जोडायचा तयार ओव्हरड्राइव्ह तीन हजारांच्या पुढे जातो. वसूल व्हायला दहा वर्षं.

पेठेतला_पाहुणा
म्हणूनच म्हटलं होतं.

शेळ्या_आणि_मेंढ्या
सगळ्यांचे आभार. शनिवारी गाडीखाली होतो.

टायर: आधीच्या मालकाने २८५/७५ आर१६ घातलेत, स्टिकरवर २४५/७५ आर१६ आहे.
कोड: १२, १२, १२ आणि मग ४४.
प्लग: काळाकुट्ट, बोटाला काजळी लागते.
४४ म्हणजे "लीन" (मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त), असं पुस्तकात दिसतं. लीन असेल तर प्लग पांढरट हवा ना? इथे गोंधळलोय.

गणिताचा_तास
टायरचा व्यास साडेतीस इंचांवरून पावणेतेहतीसपर्यंत गेलाय. सात-आठ टक्के. तुमचं ओडोमीटर तेवढं कमी मोजतंय. म्हणजे ९ नाही, ९.७ च्या आसपास. एक पैसा न खर्चता पाऊण मैल मिळाला, पार्टी द्या. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा तुम्ही प्रत्यक्षात साडेचौसष्टला असता. फोनच्या जीपीएसवर पडताळा.

मोकळा_सायलेन्सर
म्हणजे आजोबांचं ५५ पाळायचं तर काट्यावर ५१! कोणीतरी मागून ढकलेलच.

कॅलिब्रेशनवाली
कोड ४४ आणि काळे प्लग एकत्र! ही जोडीच बोलकी आहे. एकतर ऑक्सिजन सेन्सर म्हातारा झालाय, नाहीतर सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्ट फुटलाय. एक्झॉस्ट म्हणजे सतत बाहेर फुंकणारी नळी असं वाटतं, पण प्रत्येक दोन धक्क्यांच्या मध्ये तिथे दाब क्षणभर खाली जातो आणि फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला दिसतो ऑक्सिजन. तो कळवतो "मिश्रण लीन आहे", कॉम्प्युटर बिचारा आज्ञाधारक, पेट्रोल वाढवतो. फटीतून हवा येतच राहते, पेट्रोल वाढतच राहतं.

सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर टिक-टिक-टिक असा आवाज येतो का, जो गरम झाल्यावर कमी होतो? बिग ब्लॉकच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे टोकाचे बोल्ट वयोमानाने तुटतात. आरसा आणि टॉर्च घेऊन बघा, सांध्याजवळ काळे ओघळ दिसतील. तसं असेल तर नवा सेन्सर आधी विकत घेऊ नका.

आणि तापमानाचा काटा कुठे असतो?

शेळ्या_आणि_मेंढ्या
टिक-टिक येते! मी टॅपेटचा आवाज समजत होतो.
काटा हायवेवर १६० फॅरनहाइटच्या आसपास. मला वाटलं टेक्सासच्या उन्हात थंड राहतंय ते बरंच.

कॅलिब्रेशनवाली
बरं नाही. १९५ फॅरनहाइटचा (९० सेल्सिअस) थर्मोस्टॅट हवा. इंजिन थंड वाटलं की कॉम्प्युटर जास्तीचं पेट्रोल घालत राहतो. वरून जाड ऑइलचं घर्षण. थर्मोस्टॅट एकतर उघडा अडकलाय, नाहीतर...

सोलापुरी_चादर
...नाहीतर कोणीतरी काढून टाकलाय! ताई, हे आमच्याकडे घरोघरी. गाडी तापते म्हटलं की मिस्त्री पहिला थर्मोस्टॅट काढून फेकतो. "आपल्याकडच्या उन्हाळ्याला कशाला लागतो?" रेडिएटर चोंदलेला असतो, पंप गळका असतो, पण शिक्षा थर्मोस्टॅटला. मग अ‍ॅव्हरेज पडलं की कंपनीच्या नावाने बोटं मोडायची.

चिंचपोकळीकर
+१. आणि आता तर ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आहेच. सगळं खापर त्याच्यावर.

ऑइलची_पिशवी
ई२० ने माझ्या जुन्या गाडीची लागली वाट. लिटरमागे

कॅलिब्रेशनवाली
वाद पेटायच्या आत एवढंच: इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. दहा टक्के मिसळलं तर तीनेक टक्के फटका, वीस टक्क्यांना सहा-सात. तेवढं गणिताने येतंच. त्याहून मोठी घट असेल तर गाडीत आणखी काही शोधा. १९८९ च्या गाडीत मूळच्या रबरी नळ्या असतील तर त्या मात्र बदला, त्या काळच्या रबराला इथेनॉल मानवत नाही.
बाकी ई२० साठी वेगळा धागा काढा प्लीज.

ओहायोचे_आजोबा
आणखी दोन गोष्टी बघून घ्या. वीस-तीस मैल चालवून आल्यावर चाकांच्या मध्याजवळ हात न्या (लावू नका, नुसता जवळ). एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फारच तापलं असेल तर ब्रेक धरतोय. दुसरं, रेडिएटरच्या पंख्याचा क्लच. इंजिन गरम नसतानाही वेग घेताना पंखा विमानतळासारखा घोंघावत असेल तर क्लच जाम आहे, आणि तो पंखा फुकट हॉर्सपॉवर खातोय.

हेडलाइट_बंद
इनटेकला (हवा आत जाण्याच्या वाटेला) जोडायचा व्हॅक्यूम गेज लावा. हे खरं सांगतोय, चुंबक नाही :-) स्वस्त मिळतो. सुई १० इंचांच्या खाली जाऊ लागली की पाय हलका करायचा.

गणिताचा_तास
पण ताईंच्या म्हणण्याप्रमाणे जास्त व्हॅक्यूम म्हणजे हवा ओढायचे कष्ट जास्त. मग सुई वर ठेवणं चांगलं कसं?

कॅलिब्रेशनवाली
चांगला प्रश्न. एकाच वेगाला, एकाच कामासाठी इंजिन हळू फिरवलंत तर व्हॅक्यूम कमी होतो, आणि ते फायद्याचं. पण गिअर तोच ठेवून नुसता पाय दाबलात तर तुम्ही जास्तीची शक्ती मागताय, आणि एका मर्यादेनंतर मिश्रण मुद्दाम रिच (पेट्रोल जास्त) केलं जातं. गेज ती मर्यादा दाखवतो. हेडलाइट_बंद यांना या सल्ल्याबद्दल पूर्ण गुण.

हेडलाइट_बंद
साडूला कळवतो.

शेळ्या_आणि_मेंढ्या
अपडेट. थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं. आत थर्मोस्टॅट नव्हताच. सोलापुरी_चादर, तुमच्या मिस्त्रीचा जुळा भाऊ टेक्सासमध्ये आहे. १९५ चा नवा बसवला, रेडिएटर धुवून घेतला, उन्हातही काटा जागेवर राहतोय.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा सर्वात मागचा बोल्ट हेडच्या आतच तुटलेला होता. शेजारचा वेल्डर आला. त्याने तुटक्या टोकावर वॉशर ठेवला, त्यावर नट, आणि नटच्या भोकातून वेल्डिंग भरलं. लालबुंद झालेलं थोडं निवू दिलं, मेण चोळलं, आणि पाना हळू पुढे-मागे करत बोल्ट सबंध बाहेर काढला. ड्रिल लावायची वेळच आली नाही. नवं गॅस्केट आणि नवा ऑक्सिजन सेन्सर टाकला. टिक-टिक गेली, ४४ परत आला नाही. मागचं एक चाक तापत होतं, हँडब्रेकची केबल गंजून अडकली होती.

आता टायरचा फरक धरून, खऱ्या ६० ला हायवेवर साडेअकरा मिळतायत. गावात दहाच्या आसपास.

कॅलिब्रेशनवाली
मस्त! प्लग साफ करून पुन्हा रंग बघा, तपकिरी-करडा दिसायला हवा.

पेठेतला_पाहुणा
साडेअकरा म्हणजे लिटरला जवळपास पाच. मोठंच इंजिन आहे, मान्य. अभिनंदन.

मोकळा_सायलेन्सर
पेठेतून अभिनंदन आलं! स्क्रीनशॉट काढून ठेवा.

शेळ्या_आणि_मेंढ्या
आता ओव्हरड्राइव्ह करावा का? ९१ नंतरच्या गाड्यांतला ४एल८०ई भंगारात मिळतो, त्याचा चौथा गिअर ०.७५ चा. आणि टायर मूळ साइजचे करावेत का?

गणिताचा_तास
टायर झिजेपर्यंत राहू द्या. मोठ्या टायरमुळे तुमचं ४.१० आपोआप ३.८ सारखं झालंय. खऱ्या ६५ ला २,७३० फेऱ्या, २४५ घातले तर २,९४० होतील. मोठे टायर जड असतात, गावात थोडं खातात, पण तुमचं चालणं हायवेचं.

कोलोरॅडो_बुवा
४एल८०ई बद्दल: तो इलेक्ट्रॉनिक आहे, वेगळा कंट्रोलर लागेल. लांबीला टीएच४०० पेक्षा मोठा, त्यामुळे फोर बाय फोरमध्ये ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) मागे सरकते आणि पुढचा-मागचा दोन्ही शाफ्ट बदलून घ्यावे लागतात. ६५ ला दोन हजारांच्या आसपास फिरणारं बिग ब्लॉक ऐकायला सुरेख लागतं, त्यासाठी मी स्वतः करीन. पैशांसाठी करणार असाल तर गणिताचा_तास यांचा हिशोब पुन्हा वाचा. आता साडेअकरावरून पुढची बचत आणखी कमी भरेल.

शेळ्या_आणि_मेंढ्या
मग सध्या नाही. त्या पैशांत कुंपण होतं.

नवा_सभासद_२
छान माहिती. माझ्याकडे १९९५ ची फोर्ड आहे, ४६० इंजिन, ओव्हरड्राइव्ह आहे तरी १० च देते. मीपण पेपरक्लिप लावू का?

कॅलिब्रेशनवाली
नको! फोर्डचा कनेक्टर आणि कोड वाचायची पद्धत वेगळी आहे. नवा धागा काढा, त्यात टायरची साइज, डिफरन्शियलचा रेशो आणि काटा कुठे असतो ते पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.